पहिलं नको, दुसरं नको

विश्रांतवाडी, पुणे
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप सत्यशीलाआत्या,

साष्टांग नमस्कार. पत्र पाहून धसका घेऊ नकोस, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की बाटली नुसती फडताळात उभी आहे? शेजारच्या विमलाबाईंशी अबोला संपला का? (नसेल तर या वेळी तू आधी बोल, चूक त्यांची असली तरी.) फोन सोडून पत्र अशासाठी, की फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणून दोन मिनिटांत मोकळी होतेस, आणि मला सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही. आत्या, मी लीड झाले. नव्या टीमची. चौदा माणसं माझ्या हाताखाली. पण ही जागा तुझ्यामुळे गेली होती आणि तुझ्यामुळेच परत आली, म्हणून सगळं पहिल्यापासून ऐक.

मागच्या वर्षी आमची कंपनी हॉलंडच्या लोकांनी विकत घेतली आणि योरिस नावाचा साहेब इकडे पाठवला. (साहेब म्हणायचं नाही, नुसतं योरिस म्हणायचं, असा त्याचा हुकूम. माझी जीभ काही वळेना, त्यामुळे मी नऊ महिने त्याला कशानेच हाक मारली नाही, नुसती समोर जाऊन उभी राहायचे.) माणूस सरळ. काम आवडलं नाही तर तोंडावर आवडलं नाही म्हणतो आणि पाचच मिनिटांनी कॉफीला चल म्हणतो. आपल्याकडे अशानंतर दोन पिढ्या बोलत नाहीत. तर एका मंगळवारी त्याने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, नव्या टीमची लीड होशील का? आठ वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "छे छे, मी कुठे, माझ्याहून हुशार लोक आहेत."

आता यात माझी काय चूक, तूच सांग. आर्वीत कुणाकडे गेलो आणि सांबारवडीची ताटली पुढे आली की माझ्या मांडीला चिमटा कोण काढायचं? पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा आग्रह झाला तर "बरं, एकच" म्हणून हात पुढे करायचा. एकदा मी पहिल्याच खेपेला वडी उचलली, तर घर येईस्तोवर तू माझ्याशी बोलली नव्हतीस. म्हणून मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत खुर्चीत बसून राहिले. योरिसने वहीत काहीतरी लिहिलं, स्पष्ट बोलल्याबद्दल माझे आभार मानले आणि लगेच पियुषला बोलावून विचारलं. पियुषने प्रश्न संपायच्या आत हो म्हटलं. (बिबवेवाडीचा एकुलता एक लाडोबा, त्याला कुणी चिमटा काढलेला नाही.) त्या दिवशी घरी येऊन मी भांडी घासता घासता रडले. आनंद म्हणाला, उद्या जा आणि मला हवंय म्हणून सांग. पण आपण होऊन कसं मागायचं गं? दोन आठवडे मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने योरिसच्या केबिनवरून चकरा मारत होते. त्याने एकदा थांबवून भरपूर पाणी पितेस, चांगली सवय आहे, एवढंच सांगितलं.

मग कंपनीने एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. देशोदेशीच्या माणसांनी एका टेबलावर काम करताना एकमेकांना समजून कसं घ्यावं, असा विषय. शिकवायला वैष्णवी नावाची चुणचुणीत मुलगी होती. तिने प्रत्येकाला आपल्या घरची एक रीत सांगायला लावली. मला ऐनवेळी काही सुचेना, मी तुझा चिमटा सांगून टाकला. सगळे हसले, योरिस हसला नाही. तो वहीची पानं मागे उलटत बसला आणि भर सभेत त्याने विचारलं, मग त्या मंगळवारचं तुझं 'नको' कितवं होतं? काय सांगू बाप्पा, कानशिलं तापली माझी. आणि तोंड तर तुझ्याच शाळेतलं. "नाही नाही, तसं काही नाही, पियुष छान करतोय." योरिसने शांतपणे दोन बोटं वर केली. हे दुसरं, म्हणाला. मग अख्ख्या खोलीसमोर, अगदी शिस्तीत, त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

मी म्हणाले, "बरं, एवढा आग्रहच आहे तर."

पहिली टाळी पियुषने वाजवली. चौदा जणांच्या रजांची भांडणं सोडवून त्याला घाम फुटला होता.

आता ऑफिसात सगळे माझ्यावर चिडून आहेत. योरिस कुणाचंच पहिलं 'नको' धरत नाही. शनिवारी यायला जमणार नाही म्हटलं की हसतो आणि परत विचारतो. चहावाल्या दशरथने साखर संपली म्हणून सांगितलं, तर त्यालाही आणखी दोनदा विचारलं. मागच्या रविवारी योरिस आमच्याकडे जेवायला आला होता. त्याने चौथ्या पाटवडीला खरोखरचं 'नको' म्हटलं, आनंदने ते पहिलं धरलं. जाताना त्याला जिना उतरवत नव्हता.

तब्येतीला जप. विमलाबाईंना माझा नमस्कार सांग (बोलत असशील तर).

तुझी,
नम्रता

ता. क. : खरं काम राहिलंच. मला मार्चपासून चार महिने हॉलंडला जायचंय. राजनंदिनी चौथीत आहे आणि आनंदला खिचडीपलीकडे काही येत नाही. तू इकडे येऊन राहशील का?

ता. क. २ : "नको गं, तुमच्या संसारात माझी अडचण कशाला" असं तू म्हणणार, मला पाठ आहे. म्हणून पुन्हा विचारते. येशील का?

ता. क. ३ : पाकीट चिकटवायला घेतलं आणि आठवलं. आतोबा गेले त्या वर्षी मी तुला म्हटलं होतं, पुण्याला चल. तू नको म्हणालीस. मी "बरं" म्हणाले, बॅग उचलली आणि गाडीत जाऊन बसले. एकदाच विचारलं गं मी. योरिसला निदान माहीत नव्हतं, मला तर तूच शिकवलं होतंस. चौथीचं आणि खिचडीचं राहू दे, ते आनंद बघेल. चार महिन्यांपुरतं बोलावत नाहीये. आत्या, तिसऱ्यांदा विचारते. येतेस ना?