दिनूच्या हाताचे, गुण दोन

बंदर रोड, पनवेल
१२ जून १९५८

चि. दिनानाथ भावोजींस, गुणावहिनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र माझ्याच हातचं आहे, म्हणून ओळी खाली उतरल्यात. तुमचे बळीदादा गेले त्याला येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. त्यांच्या मागे मी वाचायला शिकले. शिकवायला कोणी नव्हतं. चुन्याच्या डबीवरचं, पुड्यांच्या कागदावरचं अक्षर जुळवत आले. घरात पुस्तक म्हणाल तर एकच, ह्यांची सिगारची वही.

तुम्हांला ती माहीत आहे. मिठाचा मचवा घेऊन मुंबईला गेले की बोटीवरच्या खलाशांकडून एखादी सिगार मिळवायची, ओट्यावर बसून ओढायची आणि दहापैकी गुण लिहायचे. मला विचारायचे, गुणा, हिला किती गुण? मी म्हणायचे, माझे डोळे चुरचुरले, एक कापा. ते खरंच एक कापायचे.

परवा १९५३च्या मे महिन्याचं पान लागलं. ‘दिनूच्या हाताचे चिरूट. गुण दोन. मासळीचा वास. तंबाखूला मासळीचं खत घातलेलं दिसतं. तसं कार्ड टाकलं.’

तुम्ही दोघं शेवटची तीन वर्षं एकमेकांना पत्र का लिहीत नव्हता, ते मला आजवर ठाऊक नव्हतं. विचारलं की हे म्हणत, पुरुषांच्या गोष्टी. आता कळलं, आणि चूक माझी हेही कळलं. तुमचं पार्सल आलं तेव्हा हे मचव्यावर होते. घरात उंदरांचा सुळसुळाट. घट्ट झाकणाचा डबा एकच, सुकटीचा. सुकट गाडग्यात ओतली, डबा पुसला आणि तुमचे चिरूट पंधरा दिवस त्यात ठेवले. हे यायच्या आदल्या दिवशी काढून त्यांच्या लाकडी पेटीत रचले. डब्याचं त्यांना सांगितलंच नाही. सुकटीच्या वासाचं मला काय नवल?

चुकीचे दोन गुण त्यांच्या अक्षरात राहून गेलेत. ते सुधारायला हवेत. पण न ओढता वाढवणं ही लबाडी. तरी तुमच्या हातचे चार चिरूट पाठवा.

कळावे. होता तो लोभ पुन्हा असू द्यावा.
तुमची वहिनी,
गुणाबाई

त्रिचनापल्ली
२५ जून १९५८

ती. गुणावहिनींस, दिनानाथचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

दादा गेल्याचं मला उरणच्या एका माणसाकडून तीन महिन्यांनी कळलं. तेव्हाही मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्याची लाज वाटते, ते आधी लिहून टाकतो.

तुम्ही वाचायला शिकलात, फार बरं वाटलं. पण दिराला पहिलं वाचून काय दाखवलंत, तर त्याचे दोन गुण!

ज्या म्हाताऱ्याकडे मी चिरूट वळायला शिकत होतो, त्याला ऐटीत सांगून ठेवलं होतं की माझा मामेभाऊ तांडेल आहे, तो देईल ते गुण खरे. कार्ड मराठीत. अर्थ मीच फोडून सांगितला, हा माझा गाढवपणा. त्या दिवसापासून तिथले सगळे मला मीनकारन म्हणू लागले, म्हणजे मासळीवाला. रेल्वेची नोकरी संपल्यावर ह्याच कामात हात रमवीन असं ठरवलं होतं. पुन्हा तंबाखूच्या पानाला हात लावला नाही. दारात खुर्ची टाकून बसतो.

डब्याचं वाचलं. वहिनी, घरात कुणीही भांडं फोडलं तरी मीच फोडलं म्हणणाऱ्या तुम्ही. माझी समजूत काढायला डबा पुढे केला असेल. दादांचं नाक चुकत नसे. तेव्हा चिरूट मागू नका.

लोभ होता तसाच आहे. रागही आहे, पण आता म्हातारा झालाय.
आपला,
दिनानाथ

पनवेल
२० जुलै १९५८

चि. दिनानाथ भावोजींस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझा शब्द खोटा धरलात. बरं.

मी बाजारातून सारखे दोन चिरूट आणले. दुकानदाराने आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग चिरुटांकडे. एक लाकडी पेटीत ठेवला, एक त्याच डब्यात. पंधरा दिवसांनी दादूला बोलावलं. मचव्यावरचा ह्यांचा सोबती, तुम्ही ओळखता. त्याला काही सांगितलं नाही. पहिला ओढून म्हणाला, बरा हाय. दुसऱ्याचे तीन झुरके घेतले, थुंकला आणि म्हणाला, वयनी, ह्या तंबाखूला मासलीचं खत घातलंय, आमाला नको शिकवू.

शब्दाला शब्द तोच. हे गेल्यापासून इतकी हसले नव्हते. मग पदर डोळ्यांना लावून बसले. दादूला वाटलं, धूर लागला.

ह्यांचं नाक चुकलं नाही. मासळी बरोबर ओळखली, फक्त तुमच्या माथी मारली. डब्याचं झाकण पार्सलने पाठवते. हुंगून पाहा आणि मग मला खोटं म्हणा.

झाकणामागून माझा लोभही आहे, तो धुऊन घ्यावा लागणार नाही.
गुणाबाई

त्रिचनापल्ली
१० ऑगस्ट १९५८

ती. गुणावहिनींस, शि. सा. नमस्कार, वि. वि.

झाकण पोचलं. पोस्टमनने हात लांब करूनच दिलं. तसाच म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखूची पानं माझ्यापुढे सरकवली.

बोटं विसरली होती. पहिले सहा फुकट गेले. बारा पाठवले आहेत. कृपा करून सुकटीपासून लांब ठेवा. माझी भीड धरू नका. दादांनी दिले असते तेच गुण द्या.

वाट पाहणारा,
दिनानाथ

पनवेल
२ सप्टेंबर १९५८

चि. दिनानाथ भावोजींस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

परवा ह्यांचं श्राद्ध झालं. पानावर तुमचा एक चिरूट ठेवला होता. कावळ्याने वडा नेला, चिरूट सोडला. म्हणजे निकाल आमच्यावर आला.

दादूने ओढला. मीही ओढला, एकच झुरका, दार लावून. जोराचा ठसका लागला, पण चव कळली, भाजलेल्या काजूसारखी. मासळी कुठे नाही. राख बोटभर होईतो पडली नाही. शेवटी मात्र एका अंगाने जळला.

दादू म्हणाला, वयनी, आठ दे. मी म्हटलं, ह्या वहीत बोटीच्या कप्तानाने दिलेल्या सिगारलासुद्धा सातच मिळालेत. एका अंगाने जळला त्याचा एक कापला. माझे डोळे चुरचुरले त्याचा नेहमीचा एक.

जुने दोन खोडले नाहीत. अक्षर त्यांचं आहे, त्यावर रेघ ओढायला हात धजला नाही. पुढे एवढंच लिहिलं, ‘हे गुण दिनूचे नाहीत, गुणाच्या डब्याचे.’ खाली नवी ओळ. ‘दिनूच्या हाताचे. गुण सहा.’ त्या वहीत माझ्या हातच्या ह्या पहिल्याच ओळी.

म्हाताऱ्याला अर्थ नीट सांगा.

लोभ वाढवत राहावा. गुण मात्र चिरूट सरळ जळल्याशिवाय वाढणार नाहीत.
तुमची वहिनी,
गुणाबाई