कडी बाहेरून होती

लातूर,
सोमवार, १ डिसेंबर २०२५

मनिषाताईस सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे मी बरा. आपला सुगत आता पोळी चावून खातो. जिभेची जखम भरत आलीय, डोक्याचे टाके निघाले.

या पत्राचा फोटो काढून आत्ताच तुझ्या फोनवर पाठवतोय. आज संध्याकाळी तू ते विहारात मोठ्यानं वाचणार आहेस, म्हणून त्या सगळ्या आयाबहिणींशीही बोलतो. बायांनो, दारूनं तुमची घरं धुऊन नेली आणि गावानं वर तुम्हालाच विचारलं, "नवरा सांभाळता येईना व्हय?" पोरगा पिऊन पडला की आईचं वळण काढलं. औषधाची गोष्ट मात्र तुमच्याजवळ कुणी केली नाही. ना पुढाऱ्यानं, ना सोयऱ्यानं, ना माझ्यासारख्या माईकवाल्यानं. त्याचा संताप तुम्हाला आहे, तसा मलाही आहे.

तीन आठवडे सुगतजवळ, दवाखान्यातल्या या वॉर्डाच्या बाकड्यावर बसून पाहतोय. भेटायला येणारा प्रत्येक जण पेशंटला एकच गोष्ट सांगतो, "मन घट्ट कर." अरे, निमोनिया झालेल्या माणसाला मंचावर उभं करून "आजपासून खोकणार नाही" असं वदवून घेता का? मग यालाच शपथ का? इथल्या तनुजा मॅडम मनाच्या डॉक्टर आहेत. त्या म्हणाल्या, "रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती एकदम तोडली की हातपाय कापतात, नाही ते दिसतं, झटके येतात. माणूस दगावूसुद्धा शकतो. आमच्या देखरेखीखाली गोळ्या देऊन दारू सोडवली, तर बहुतेकांचं हे सगळं टळतं."

टळतं! ताई, मी किती पुस्तकं वाचली असतील? मला हे एक वाक्य माहीत नव्हतं.

मॅडमनी सुगतला आणखी एक विचारलं, जे आपण दहा वर्षांत विचारलं नाही. दारूच्या आधी काय होतं? तो म्हणाला, "झोप नव्हती. खांबावर चढलो की वाटायचं, हात सोडून द्यावा." आपला वायरमन भाऊ रोज खांबावर चढत होता आणि आपण त्याच्या खिशातली बाटली शोधत होतो. हे नैराश्य आहे, त्यावर वेगळी गोळी सुरू झाली. दर मंगळवारी दारू सुटलेल्यांची बैठक भरते. पुन्हा पिणं झालं तर लपवायचं नाही, परत यायचं, असं तिथं सांगतात. थुंकत नाही कुणी कुणावर.

आता पुढचं. कार्तिक पौर्णिमेला सगळ्यांदेखत सुगतकडून पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, वदवून घेतलं ते मी. शपथ घेणाऱ्याला विहारामागच्या खोलीत तीन दिवस ठेवायची रीत पाडली ती मी. आतून कुणी उघडू नये म्हणून बाहेरून कडी बसवून घेतली तीही मीच. शील माणूस स्वतःहून घेतो, हे मी शंभर भाषणांत सांगितलं असेल. कडी लावताना मात्र आठवलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशीचा तो फोन. तू कुणाला सांगितला नाहीस, मीही नाही. हिमायतनगरला माझं भाषण चालू होतं, विषय व्यसनमुक्ती. पाणी प्यायला थांबलो तेव्हा तुझा आवाज:

"आश्या, त्यो लई कापून राहिला रे. भिंतीतून मुंग्या येऊन राहिल्या म्हणतो. काढू का बाहेर?"

"नाटक हाय ताई. कडी काढू नको."

"आरं पण घामानं भिजलाय..."

"काढलीस तर मला भाऊ म्हणू नको."

आणि मी माईकपाशी परत गेलो. टाळ्या पडल्या. तासाभरानं त्याला झटका आला, शहाबादी फरशीवर डोकं आपटलं. तेव्हा तू माझं न ऐकता दार उघडलंस, म्हणून आपल्याला भाऊ राहिला.

काल तुला फोन केला, येत्या गुरुवारी पौर्णिमेला सरजाबाईच्या पोराला, व्यंकटीला शपथ देऊ नका म्हणालो. तू म्हणालीस, "तूच शिकवलंस अन् तूच मोडतो व्हय? सुगतचं नशीब खोटं होतं." मला राग आला, तुझा नाही, माझ्या शिकवणीचा. नशीब नव्हतं ताई. मी होतो.

सुगत तीन आठवडे माझ्याशी बोलला नव्हता. कालचं आपलं फोनवरचं बोलणं ऐकल्यावर भिंतीकडं तोंड करून बोलला, "कडी कुणी लावली ते मी इचारत न्हाई. व्यंकटीला लावू नगा."

सरजाबाई, तुमचा व्यंकटी सकाळी उठल्या उठल्या पितो, नाही प्यायला तर हात थरथरतात, हे तुम्हीच ताईला सांगितलंय. म्हणजे त्याचीही तीच गत होणार. घरच्या घरी त्याची दारू एकदम तोडू नका. आणि आधीच तोडली असेल, तो कापत असेल, तर उद्याची वाट पाहू नका, आत्ताच १०८ ला फोन करा.

नाहीतर उद्या मंगळवारी सकाळी पहिल्या गाडीनं त्याला इथं घेऊन या. मी ओपीडीच्या दारात आठपासून उभा आहे. शिव्या द्यायच्या तर दारातच द्या, पण त्याला आणा.

तुझा,
कडी काढू नको म्हणणारा भाऊ,
अश्वजित