बा, फळी आणि वेगळा पॉवर अॅम्प

१४ जून १९९८, बोईसर
आज कंपनीत यादवशी पुन्हा वाजलं. तो मोटार रिवाइंडिंगला, मी मेंटेनन्सला. डबा एकत्र, मत कधी एक नाही. "दामूभाई, होम थेटर बोलते हो और अलग पावर अॅम्प नहीं? वो डिब्बा तो खिलौना है।" माझा रिसीव्हर, ज्यात आवाज वाढवणारा अॅम्प आतच बसवलेला असतो, तो खेळणं! स्पीकरचे खोके मी हाताने केलेत, सांध्यात पोस्टकार्डाची कड जाणार नाही. वेगळा पॉवर अॅम्प्लिफायर लागतो की नाही, हे यादव ठरवणार नाही. मीटर ठरवेल.
हा सगळा खटाटोप कशासाठी, ते त्याला सांगितलेलं नाही.

१६ जून
बा दिवसभर ओट्यावर. आत ये म्हटलं की हात हलवतो. गावी, दातिवऱ्याला, मासेमारीच्या होडीत इंजिनाशेजारी उभा जन्म गेला, दोन्ही कान गेले. पालघरच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं, ते डब्यातच पडून. "माशी शिरल्यावानी वाटते."
आई गेल्यापासून आमच्याकडे आहे. एकच गोष्ट मागतो: आमच्या लेकीच्या लग्नाची कॅसेट. तीत आई हळदीला धवला, आमच्याकडचं लग्नातलं जुनं गाणं, म्हणते आहे. व्हिडिओवाल्याने बाकी सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली. तेवढा तुकडा मी त्याच्या डोक्यावर बसून तसाच ठेवायला लावला. बा टीव्हीसमोर उकिडवा बसतो, आईचं तोंड हलताना बघतो आणि मला विचारतो, "काय गातंय ती?"
मी मोठ्याने सांगतो. तो मान हलवतो. ऐकू आलेलं नसतं.

१९ जून
संध्याकाळी कॅसेटचा आवाज पूर्ण चढवला. शेजारच्या वहिनी दारात. सौ. म्हणाली, "अहो, भिंती पाडा म्हणजे चिंचणीपर्यंत जाईल." बाला तरी काही ऐकू नाही. वर व्होल्टेज पडलं, स्पीकर फाटल्यासारखा ओरडला. अणुवीज केंद्राच्या एवढ्या जवळ राहून आपल्याकडेच दिवा मिणमिणतो.
यादव म्हणेल, ताकद कमी पडली. तपासतो.

२१ जून
तपासलं. स्पीकरच्या टोकांना मीटर लावला. घर भरेल एवढ्या आवाजालाही दोन व्होल्टच्या वर काटा जात नाही. म्हणजे अर्धा वॅट. परवा फाटलं ते व्होल्टेजमुळे, ताकदीमुळे नव्हे. आमच्या खोलीला रिसीव्हरच जास्त होतो. वेगळा पॉवर अॅम्प लागत नाही. निकाल.
उद्या यादवला कागद दाखवणार.

२२ जून
दाखवला. "कागज़ पे तो सब चलता है।" असो.
घरी आलो तर बाची पिशवी दाराशी. नारळी पौर्णिमेला दातिवऱ्याला जायचं म्हणतो. मी खुणांनी सांगितलं, चल, नारळ वाहू आणि परत येऊ. "परत कशाला? हितं मना कोन बोलतं?" मग सौ.कडे बघून, "पोरी, तुजा राग नाय हां."
पौर्णिमेला अजून वेळ आहे. पिशवी उचलून आत ठेवली.
मीटर बरोबर होता. प्रश्न चुकीचा विचारला होता की काय...

२८ जून
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.
कॅसेट चालू होती. बा उठला, स्पीकरच्या खोक्यावर टिचकी मारली. "पोकळ हाय." मला राग आला. पण मग तो खाली बसला आणि खोक्याच्या कुशीला कानामागचं हाड टेकवलं. डोळे मिटले.
लहानपणी बघितलेलं एकदम आठवलं. घोळ माशाचा थवा पाण्याखाली घुरघुरतो. तो कुठे आहे हे कळायला बा इंजिन बंद करायचा, होडीत आडवा व्हायचा आणि तळाच्या फळीला डोकं लावायचा. आम्ही श्वास धरून बसायचो.
"कायतरी हाय," म्हणाला. "लांब हाय."
सौ. डोळे पुसत आत गेली. मी मोजमापाची पट्टी शोधायला लागलो.

५ जुलै
सफाळ्याला उतरून दातिवऱ्याला गेलो. थोरल्या भावाच्या अंगणात बाच्या मोडलेल्या होडीच्या फळ्या आहेत. एक सागवानी, सरळ, न चिरलेली निवडली. भाऊ म्हणाला, "बंगल्याला लावतो काय रं?" म्हटलं, थेटराला. वेडा समजला. एसटीवाल्याने फळी टपावर घ्यायला कटकट केली.

११ जुलै
मोठ्या स्पीकरचा कागद कापून काढला, मधली थरथरणारी कॉइल थेट फळीला खालून चिकटवली. फळीच वाजली पाहिजे. फळीला चार पाय लावले, चारही पायांखाली रबर. हात ठेवला की मुंग्या येतात. माझं मलाच कौतुक वाटलं, दुसरं कोण करणार.
पण फळी जड. रिसीव्हर दोन गाण्यांत तापला आणि टप्पकन बंद. थंड झाला, लावला, पुन्हा बंद.
म्हणजे फळीला वेगळा पॉवर अॅम्प लागतो.
यादवला सांगायचं नाही.

१३ जुलै
सांगावं लागलं. अॅम्प मी बांधीन, पण ट्रान्सफॉर्मर त्याच्यासारखा गुंडाळणारा पंचक्रोशीत नाही. "बोला था ना?" एवढा हसला की डब्यातली भाजी सांडली. मी ठणकावून सांगितलं, स्पीकरला लागत नाही हे कायम आहे, फळीला लागतो. "कौन सी फली?" मग सगळं सांगितलं. आईचंही. त्याचं हसू गेलं. तार कुठल्या जाडीची, एवढंच विचारलं.

२६ जुलै
ट्रान्सफॉर्मर आला. गुणगुणसुद्धा नाही. यादवच्या हाताला तोड नाही, हे फक्त इथे लिहितो. अॅम्प बांधून झाला, तासभर चालवला, कोमट.
बा बघत होता. "होरीची फळी ना ही?" स्वतःच्या होडीची फळी ओळखली. खिळ्याच्या भोकात बोट घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

२ ऑगस्ट
लावलं. बा फळीवर आडवा झाला, तसाच, होडीतल्यासारखा. धवला सुरू झाला. सौ. आणि मी श्वास धरून.
संपला. पुन्हा लाव म्हणाला खुणेने. पुन्हा लावला. मग उठून बसला.
"आवाज नाय येत तिचा."
मी खाली बघितलं. एवढं करून...
"पन दम कुटं घेते ता समजतं. थांबली का फळी थांबते." मग स्वतःशीच, "पयल्यापासना तिचा दम आखूड. सांगायचो तिला, एका ओळीत दोनदा घेऊ नको."
तिसऱ्यांदा लाव म्हणाला. आई जिथे श्वास घेई, तिथे बाचं बोट फळीवर टेकत होतं. मी पडद्यावर बघून ताडून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

७ ऑगस्ट
नारळी पौर्णिमेसाठी बा दातिवऱ्याला गेला. एसटीत बसवून आलो. पिशवीत सगळे कपडे घेतले, कानाचं मशीनसुद्धा, म्हणजे परतीचा बेत दिसत नाही. फळी भावाकडे पोचवू का, विचारलं, दोनदा, खुणेने.
"ऱ्हाऊ दे हितंच. पाय हलतो तिचा, ता बघ."
बघितला. खरंच हलतो, मागचा डावा. पाव इंच रबर घालतो. आवाजाचा वरचा, बारीक भाग फळीत उतरत नाही, त्यासाठी लहान कॉइल जोडून बघायची आहे. अॅम्पचं झाकण अजून लावलेलं नाही.