उजवी बाजू

प्रिय ताई,

आधी बातमी, मग बाकीचं. तुमची धाकटी बहीण आज खुर्चीत बसली. नुसती बसली नाही, माझ्या सदऱ्याची कॉलर उसवलेली पाहून शिंप्याच्या अंगावर ही तऱ्हा, असं खुणेनं सुनावलंही. घशातली नळी काढल्यापासून आवाज बसलाय, दोन शब्दांतच दम लागतो, म्हणून खुणा. पण त्या खुणांना धार अशी, की शब्द परवडले. इतके दिवस तिची बोलणी खाल्ली नव्हती, त्यामुळे मला कसं पोट भरल्यासारखं वाटलं. आता तिचा डोळा लागलाय आणि मी शेजारी मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय. अक्षराला हसू नका. शाळा लवकर सुटली. पुढचं वाचन गिऱ्हाइकं ज्या वर्तमानपत्रांत कापड गुंडाळून आणत, त्यांच्यावरच झालं.

त्या दुपारी तुम्ही फोन ठेवलात, आणि पुढे काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी नंतर पुन्हापुन्हा फोन केले, तुम्ही उचलले नाहीत. म्हणून पहिल्यापासून सांगतो. साधा ताप म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला आणि तिला आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. मशीन श्वास देत होतं, तरी त्या दुपारी एकाएकी ऑक्सिजन घसरायला लागला. मोठ्या स्कॅनसाठी खालच्या मजल्यावर न्यावं, तर वाटेतच काहीतरी होईल अशी गत. तेव्हा तिथली एक तरुण डॉक्टरीण सोनोग्राफीचं मशीन ढकलत खाटेशी आली. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. मला वाटलं, सोनोग्राफी पोटाची असते, ही छातीत काय शोधणार? खरं तर मला बाहेर घालवायला हवं होतं, पण त्या धांदलीत मी कोपऱ्यात राहून गेलो.

तिनं छातीवर गार मलम फासलं, हातातला दांडा बरगड्यांच्या मधे टेकवला आणि पडद्याकडे बघत राहिली. डावीकडे वर एक चमकती रेघ श्वासाबरोबर मागेपुढे सरकत होती, खाली मात्र काळा डोह. ते साठलेलं पाणी. उजवीकडे तीच रेघ जागची हलेना. मोठ्या डॉक्टरांनी लगेच छातीत नळी घालायचा ट्रे मागवला. रेघ हलली नाही तर छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठल्याचा संशय येतो, आणि ती नळीनं ताबडतोब काढावी लागते. चिमणी म्हणाली, थांबा सर, रेघ सरकत नाही हे खरं, पण हृदयाच्या ठोक्याबरोबर किंचित थरथरतेय असं वाटतं; फुप्फुस कदाचित जुन्या आजारानं बरगडीला चिकटलेलं असेल. मला त्यातलं समजलं ते एवढंच: कोटाचं अस्तर सुटं असलं की कापडाखाली सरकतं, खळीनं चिकटलं की सरकत नाही. आणि चिकटलेल्या ठिकाणी नळी खुपसली, तर अस्तरच फाटणार.

सरांनी विचारलं, खात्री आहे? तिनं प्रामाणिकपणे नाही म्हटलं आणि माझ्याकडे वळली. आजोबा, यांना पूर्वी छातीचं काही झालं होतं का? मी ठामपणे नाही म्हणालो. संसारात तिला कधी साधा खोकला झालेला मला आठवत नव्हता. ती म्हणाली, लग्नाच्या आधी? लग्नाआधीचं मला काय ठाऊक? तुमचे आईवडील गेले, आता विचारणार कुणाला? तुम्हालाच फोन लावला. तुम्ही माझ्याकडून प्रश्न दोनदा वदवून घेतलात. मग म्हणालात, “हो. टीबीचं पाणी झालं होतं. उजवीच बाजू.” आणि फोन ठेवलात.

ताई, तेवढ्यावर तो ट्रे परत गेला. चिमणीनं मग पडद्यावर बघत बघत डावीकडे सुई घातली आणि तिथलं पिवळं पाणी काढलं. बघता बघता ऑक्सिजनचा आकडा चढू लागला. मोठे डॉक्टर तिला म्हणाले, तू थांबवलंस ते बरं केलंस. मी मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडलो. नर्सबाईंनी हातात पाणी दिलं आणि वर, आजोबा, आता दुसरा पेशंट नको, असंही ऐकवलं.

परवा राउंडला चिमणी सहज बोलून गेली, उजवीकडचं जुनंच आहे, काळजी नको. तुमच्या बहिणीनं माझ्याकडे पाहिलं, आणि ताई, इतकी घाबरलेली मी तिला आजारपणातही पाहिली नव्हती. सगळे गेल्यावर घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत, तिनं सगळं सांगितलं. लग्न जमेना म्हणून आजार लपवायचं घरात ठरलं ते, तुम्हाला घातलेली शपथ, आणि माझ्या आईला कळलं तर माहेरी धाडतील या भीतीनं इतकी वर्षं दाबलेला एकेक खोकला. शेवटी म्हणाली, “तेव्हा कळलं असतं तर?” गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण मी खरं तेच सांगितलं, “तेव्हा मी आईच्या शब्दाबाहेर नव्हतो. नकारच दिला असता. बरं झालं लपवलंत.” ती हसली आणि खोकत सुटली, मग पुन्हा नर्सबाईंची बोलणी मलाच.

आता मुद्द्याचं. शपथ मोडली म्हणून तुम्ही फोन उचलत नाही, हे तिनंच ओळखलं. तिला वाटतं, आपण तुमच्यावर नको ते ओझं टाकलं म्हणून तुम्ही रागावलात. तुम्हाला वाटत असणार, ती रागावली. तुम्हा दोघी बहिणींमध्ये मी कशाला पडू? म्हणून एवढंच कळवतो. हे पत्र पोचेल तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्या नंबरावरून फोन येईल, तो मी केलेला नसेल. आवाज जाडाभरडा, कुणा भलत्याच माणसाचा वाटेल. शब्द तुटतील, मधे दम खायला ती थांबेल. चुकीचा नंबर म्हणून ठेवू नका. एखाद्या दिवशी तिच्यानं काहीच बोलवलं नाही, तरी फोन कानाशी धरून ठेवा. श्वास तर ऐकू येईलच.

तुमचाच,
धाकटीचा शिंपी