मराठी चॅनल सोमवारी येणार

२ सप्टेंबर २००२, सोमवार. देवास.
साडेआठला मालिकेचं शीर्षक आलं आणि मराठी चॅनल गेलं. निळा पडदा. वायर काढून पुसली, परत लावली. निळाच. आई वाती वळत बसली होती, तशीच बसून राहिली. केबलवाल्या फत्तेसिंग भियाला फोन केला. म्हणाला, "कंपनी ने रेट बढ़ा दिया, हमने काट दिया. टेंशन मत लो, सोमवार तक आ जाएगा."
आईला सांगितलं, सोमवारी येणार. नक्की.
एक अडचण. आम्ही ब्रेकमध्ये बोलतो. तीन ब्रेक असतात. पहिल्यात दादाचा फोन आला होता का, दुसऱ्यात उद्याची भाजी, तिसऱ्यात इतर. आज ब्रेक नव्हते, त्यामुळे बोलणं झालं नाही.

४ सप्टेंबर
मराठीच्या नंबरावर कुस्ती लावली आहे. आई दहा मिनिटं बघत होती. मग म्हणाली, "यातला आपला कोण?" मी म्हणालो, कुणीच नाही. तिने टीव्ही बंद केला.

९ सप्टेंबर, सोमवार
आलं नाही. फत्तेसिंग भिया म्हणतो, "मैंने कौन सा सोमवार बोला था?" मुद्दा बरोबर आहे. यापुढे तारीख विचारून घ्यायची.
संकल्प: चॅनल परत आणणं ही माझी जबाबदारी. बाबा गेल्यापासून आईला दिवसभर मराठी बोलायला कुणी नाही. शेजारी सगळे हिंदी. मी फॅक्टरीत लेबलं तपासतो, रोज ओव्हरटाइम. चॅनल आलं की प्रश्न सुटतो.

१२ सप्टेंबर
मराठी घरांच्या सह्या गोळा करायला निघालो. अर्ज तीनदा शुद्ध करून लिहिला. पहिलं घर बळवंतराव काकांचं. संस्थानच्या काळापासूनचं घराणं. काका म्हणाले, "चॅनेल नव्हते तेव्हाही आम्ही मराठीच होतो, चिरंजीव." चहा दिला, सही दिली नाही. पुढच्या घरी मुलं म्हणाली, हम तो कार्टून देखते हैं.
एकूण सह्या चार, त्यातली एक माझी. आईनेही केली नाही. म्हणाली, "माझ्यासाठी कुणाशी भांडू नकोस, मयू. लवकर घरी येत जा, तेवढं पुरे."
विषयाशी संबंध नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार
आलं नाही.
आईने दुसऱ्यांदा विचारलं, नवरात्रात दादाकडे नाशिकला गेले तर? मी कारण ओळखलं. नाशिकला चॅनल दिसतं.
उपाय सुचला. फॅक्टरीतला पियूष इंदूरहून येतो, तिथे चॅनल चालू आहे. त्याने बघायचं, मला सांगायचं, मी आईला सांगायचं.

१७ सप्टेंबर
पियूष म्हणाला, "भिया, अपन तो क्रिकेट देखते हैं."
संध्याकाळी घरी आलो. आई अंधारात बसली होती. म्हणालो, पियूषने सांगितलं काल काय झालं ते. आणि सुरू केलं. मालिकेतल्या माईसाहेबांचं सुनेशी वाजलं, त्यांनी बॅग भरली, थोरल्या मुलाकडे निघाल्या.
हे खोटं नव्हे. तात्पुरती व्यवस्था आहे.

१९ सप्टेंबर
माईसाहेब स्टँडवर बसल्या आहेत. गाडी लेट. आई वाती वळता वळता म्हणाली, "आणि धाकटा?" म्हणालो, कर्तबगार आहे, कामात असतो. "बोलतो का आईशी?" म्हणालो, पुढच्या भागात कळेल. आई हसली. मग तिने स्वतःहून तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली. बाबांनी पहिल्यांदा देवास दाखवलं तेव्हा त्यांनी तिला टेकडीवर नेऊन, "इथून सगळं दिसतं," असं सांगितलं होतं म्हणे, आणि तेव्हा धुकं होतं. मला हे माहीत नव्हतं. वरण करपलं. ब्रेक एकही नव्हता तरी पुष्कळ बोलणं झालं.

२० सप्टेंबर
आईने आज केस विंचरून, चहा करून माझी वाट बघितली. म्हणाली, "चल, स्टँडवर काय झालं?"

२३ सप्टेंबर, सोमवार
आलं नाही. मात्र आतली बातमी आहे. बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत, असं फत्तेसिंग भिया म्हणाला. अशा वेळी दबाव ठेवायला हवा. आजपासून फॅक्टरीतून थेट त्याच्या ऑफिसात बसायचं. घरी साडेनऊ होतील. आईला म्हणालो, गोष्ट थोडे दिवस बंद, आता खरंच येणार आहे. ती "बरं" म्हणाली.

२७ सप्टेंबर
ऑफिसात बसलो. फत्तेसिंग भियाने समोसा दिला. म्हणाला, "पूरे शहर में एक तू ही आता है, यार. माताजी को बोल, सास-बहू हिंदी में देख लें, वही रोना-धोना है."
आई झोपली होती. ताट झाकलेलं.

२ ऑक्टोबर
सुट्टी, पण भियाचं ऑफिस उघडं होतं, म्हणून गेलो. परत आलो तर दादा आलेला. आईला न्यायला. दादा म्हणाला, "तुला फोन केला होता, तू घरी असतोस कुठे?" मी परिस्थिती समजावून सांगितली. चॅनल कधीही येऊ शकतं. दादा आईकडे बघत राहिला.
आईने स्वेटर भरले. नाशिकला थंडी असते. शिवणाचा डबा भरला. सवयीचा असतो.
मग देव्हाऱ्यातले टाक काढून लाल कापडात बांधले. खंडोबा, भवानी, बाबांच्या वडिलांचा टाक, सगळे. दादा म्हणाला, "यंदापासून घट आमच्याकडे बसतील." टाक काळे पडले होते हे खरं. नाशिकला सोनार चांगले आहेत, उजळायला नेत असतील.

३ ऑक्टोबर
सकाळी आई-दादाला इंदूरच्या बसमध्ये बसवून दिलं. नाशिकची गाडी तिथून. बस लेट होती. आई बाकावर बसली. मी घड्याळ बघत होतो. फॅक्टरीची वेळ होत होती. आई म्हणाली, "मयू, त्या माईसाहेब स्टँडवरून परत फिरल्या का रे?" म्हणालो, फिरणार होत्या. धाकटा येतो, बॅग उचलतो. "येऊन काय म्हणतो?" ते मी अजून ठरवलं नव्हतं. तेवढ्यात बस लागली. मी बॅग उचलली आणि वर टपावर चढवली.

७ ऑक्टोबर, सोमवार. घटस्थापना.
आलं नाही. देव्हारा पुसून ठेवला आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार
आलं!! साडेआठच्या आत! फत्तेसिंग भिया शब्दाचा पक्का. सोमवारच म्हणाला होता.
लगेच नाशिकला फोन. मेधा वहिनीने उचलला. म्हणाली, "भाऊजी, इतकं काय त्यात? मी आईंना रोज दुपारी फोनवर गोष्ट सांगायचे की. पहिल्या दिवसापासून. त्यांचा एकही भाग चुकलेला नाही."
एकही नाही. मग मी सांगत होतो ते?
आई फोनवर आली. म्हटलं, चॅनल आलं, आता तू कधी येतेस? आई म्हणाली, "अरे वा." मग म्हणाली, "मालिकेत तर माईसाहेब कुठे गेल्याच नाहीत रे. तू सांगत होतास तीच बरी होती. मध्येच का थांबलास?"
म्हटलं, चॅनल येणार होतं म्हणून.
म्हटलं, टाक उजळून झाले का?
"झाले. घटापाशी बसवलेत. छान दिसतात. जेवलास का?"
म्हटलं, हो.
मालिका पूर्ण बघितली. पहिल्या ब्रेकमध्ये दादाचा फोन आला होता का, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यात उद्याची भाजी ठरवली, दुधी. तिसऱ्यात इतर.
चित्र अगदी स्वच्छ येतं.