सिंकमधले दोन टंबलर

अप्पा, काल कोर्टानं त्या तिघींच्या फायली पुन्हा उघडायला सांगितलं. पोलिसांच्या कागदावर 'पाय घसरून' गेलेल्या त्या तीन म्हाताऱ्या. तुम्ही असता तर आधी आदेशातल्या टायपिंगच्या चुका काढल्या असत्यात.

बातमीदार होऊन मला महिनाच झाला होता. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा एक माणूस एका बाईच्या खुनात सापडला होता आणि दुसऱ्या एका घरातली मुलगी म्हणत होती, घसरून गेलेल्या माझ्या आईकडेही तो यायचा. अशा घरी मी एकटी कशी जाणार, म्हणून तुम्ही अंबत्तूरच्या फॅक्टरीतून अर्धी रजा टाकून स्कूटर काढलीत. बाहेर थांबा म्हटलं, तर हेल्मेट काखेत मारून माझ्यामागे आत. मी वही उघडून तिला इंग्रजीत विचारते, "तुम्हाला काय वाटतंय?" तुम्ही मागून खाकरता. "अगं, काय वाटणार? असं विचारतात होय?" आणि वीस वर्षं मद्रासात राहून कमावलेलं एकुलतं एक तमिळ वाक्य तिच्यापुढे ठेवता, "साप्टींगळा?" हे 'जेवलात का' तुम्ही दाताच्या डॉक्टरलाही विचारायचात. ती नाही म्हणाली आणि रडायलाच लागली. तुम्ही सरळ तिच्या स्वयंपाकघरात शिरलात. मी शरमेनं वहीत डोकं घातलं. थोड्या वेळानं तुम्ही करपलेला उपमा घेऊन आलात. चार घास पोटात गेल्यावर ती तमिळमध्ये बोलू लागली. आई एकटी राहायची, पण त्या दिवशी सिंकमध्ये कॉफीचे दोन टंबलर होते. पोलिसांना दाखवले, तर ते म्हणाले, धुऊन ठेवा. तुम्हाला त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी मान डोलावत होतात.

बाकीच्या दोन घरांतही मग तेच ऐकलं, एकटी बाई आणि दोन टंबलर. त्यानंतर दोनच वर्षांनी तुम्ही गेलात. ती तीन कुटुंबं मात्र आजही अर्ज लिहायला माझ्या अण्णा नगरच्या घरी जमतात आणि भांडतात. एका काकांना आईचं वय सत्तरच लिहायचं असतं, कारण पंच्याहत्तर ती कुणाला सांगत नसे. एका सूनबाईंचा हट्ट, सासूबाई प्रेमळ होत्या असं लिहू नका, कोर्टात खोटं चालत नाही. पण या सूनबाईंनी सोळा वर्षांत एक तारीख चुकवलेली नाही. काल आदेश ऐकून त्या बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी सांगत होते. त्या घसरणाऱ्यातल्या नव्हत्याच."

तेवढ्यात ती पहिली मुलगी मैसूरपाकचा डबा घेऊन आली. तिचे केस आता पांढरे झालेत. "तुमच्या ऑफिसचे ते स्कूटरवाले कुठे असतात? त्यांना द्यायचाय."

अप्पा, हे पत्र टाकायला पत्ता नाही म्हणूनच लिहितेय. त्या दिवशी दारात तिनं विचारलं होतं, हे कोण? बापाला घेऊन मुलाखतीला आलेली बातमीदार, हे सांगायची मला लाज वाटली, म्हणून 'आमच्या ऑफिसचे' म्हटलं. काल तरी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "रिटायर झाले," आणि डबा घेतला.