पहिली धार

प्रिय दादा,

प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांसाठी चोवीस कप्प्यांची पेटी, ती ठेवायचं टेबल आणि वीस वर्षांपूर्वी तू कंत्राट घेतलेल्या शाळेतल्या नळांचे सगळे सांधे, हे मी माझ्या हातांनी केलं. कुणी शिकवलं नव्हतं.

सांध्यांना शिशाचा डाख मीच दिला, पक्का बसतो म्हणून. ते शिसं रात्रभर साचलेल्या पाण्यात उतरतं, त्यामुळे तपासणीला सकाळची पहिली धारच घ्यावी लागते. परवा त्या शाळेतली घेतली. शिसं मर्यादेच्या चौपट निघालं. मी तीनदा मोजलं.

तू फोनवर म्हणालास, "अरे शहाण्या, आधी पाच मिनिटं नळ सोड, मग भर बाटली. पाणी तपासतोयस की लग्नाची बोलणी करतोयस?" भांडायचं त्राण नव्हतं, म्हणून हसलो. पण शाळेत आल्या आल्या मुलं तीच पहिली धार पितात, दादा.

अहवाल आज गेला. डाख कुणी दिला, तेही त्यात लिहिलंय. हे पत्र मात्र माझ्याच्यानं पोस्टात टाकवणार नाही.

तुझा धाकटा

ता. क. पिशवी वहिनींबरोबर परत पाठवलीय. पाच मिनिटं नळ सोडण्याचे तू देऊ केलेले चार लाख तिच्यात जसेच्या तसे आहेत.